शंखवाल्या खेकड्याच्या टँकला आपल्याकडे बल्ब-हीटर कशाला?

कपाशीकर (दारव्हा तालुका)

शंखवाले खेकडे, म्हणजे हर्मिट क्रॅब, पाळायचा नाद आता आपल्या गावांपर्यंत आला आहे. कुणाचा पोरगा पुण्याहून आणतो, कुणी ऑनलाइन मागवतं. विकणारा सोबत दोन वस्तू हमखास गळ्यात मारतो. एक उष्णतेचा लाल बल्ब, दुसरा टँकच्या बुडाखाली चिकटवायचा हीटिंग पॅड. माझं म्हणणं असं की वर्षातले दहा महिने विदर्भात या दोन्हींची काही गरज नाही, आणि उरलेल्या दोन महिन्यांत लोक त्या जशा वापरतात तशा वापरण्यापेक्षा न वापरलेल्या बऱ्या.

हा खेकडा जमिनीवर हिंडत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो. कल्ले ओलसर असतील तरच हवेतला प्राणवायू त्याच्या कामाचा. म्हणून टँकमध्ये आर्द्रता ७५ ते ८५ टक्के हवी, तापमान २४ ते २९ अंश. आता मे महिन्यातली ब्रह्मपुरीची किंवा अकोल्याची दुपार आठवा. पारा ४५ च्या आसपास आणि हवा अशी की ओलं फडकं दांडीवर टाकून आत येईस्तोवर कडक होतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, लाल बल्ब लावणारे मी पाहिलेत, कारण खोक्यावर तसं लिहिलं होतं! ते खोकं थंड देशातल्या माणसासाठी छापलेलं आहे.

पावसाळ्यात तर आपली खोलीच २६ ते ३० अंशांवर आणि दमट असते. खेकड्यासाठी तोच सुगीचा काळ.

उजेडाचं म्हणाल तर बारा तास उजेड, बारा तास काळोख. खिडकीचा उजेड पुरतो, नाहीतर साधी एलईडी पट्टी. पण ऊन टँकवर पडू देऊ नका, बंद काचेत ते फार लवकर जिवावर येतं. रात्रीचा लाल दिवाही नको. हा प्राणी अंधार पडल्यावर बाहेर येतो, त्याला रात्र द्या.

वेगळं मत असेल तर लिहा.

पोल्ट्रीवाले काका (मूर्तिजापूर)

भाऊ, मले नाही पटलं. मी पिल्लं वाढवतो. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हंजे पिल्लांले ऊब देते त्या बल्बखाली, ३३ ते ३५ अंश ठेवा लागते, नाहीतर पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरते. पिवळा बल्ब टांगायचा, पिल्लं त्याच्याखाली गर्दी करून बसली त बल्ब खाली घ्यायचा, भिंतीकडे पांगली त वर. येवढं सोपं हाय. खेकडा बी जीवच हाय ना? लाल नको त पिवळा लावा. आन थंडी दोन महिने कोणत्या हिशेबानं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोजा बरं.

कपाशीकर

काकाजी, पिल्लाला फुप्फुसं आहेत, तहान लागली की ते ड्रिंकरपाशी जातं. खेकड्याला हवेतच ओल लागते आणि बल्ब नेमकी तीच घालवतो. जानेवारीतल्या पहाटे खोलीत १५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरा. तीच हवा, पाणी न मिळवता, २७ अंशांवर नेली तर आर्द्रता ३८ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद दुपटीहून जास्त होते. म्हणजे ऊब मिळाली आणि श्वास गेला.

धानवाली (गोरेगाव, गोंदिया)

दादा, हिशेब बरोबर आहे, पण तो मोकळ्या खोलीचा. टँक झाकलेला असतो, आत ओली वाळू असते, पाण्याच्या दोन वाट्या असतात. हवा गरम झाली की वाळूतलं पाणी वर येतं आणि कमी झालेली आर्द्रता भरून निघते. निघत नाही ती एकाच कारणाने, थंड काचेमुळे.

आमच्या गोंदियात डिसेंबर-जानेवारीत पारा ८-९ अंशांवर उतरतो. खोली कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, असेल तर आतही फार फरक नसतो. अशा पहाटे टँकच्या काचेवर आतून थेंब ओघळताना दिसतात आणि लोकांना वाटतं, वा, किती ओल आहे! ती ओल हवेतून निघून काचेला लागलेली असते. काच १२ अंशांवर असेल तर आतली हवा २७ अंश असूनही आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर जायचं नाव घेत नाही. मग माणूस पाणी फवारत बसतो, ते पुन्हा काचेवर, आणि खाली वाळूचा चिखल.

म्हणून आधी काच उबदार करा. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून थर्मोकोल, वर घट्ट काचेचं झाकण. आणि हो, हीटिंग पॅड लागतोच. तुम्ही त्याला नको म्हणता तिथे माझा विरोध आहे. २० अंशांखाली खेकडा शंखात शिरून बसतो, खाणं सोडतो, आणि तसाच दिवसेंदिवस राहिला तर हळूहळू संपतो. तो थंडीने गेला हेसुद्धा घरच्यांना कळत नाही, ‘झोपला असेल’ म्हणतात.

पॅडची जागा मात्र बुडाखाली नाही, यात मी तुमच्याच बाजूची. मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर. कात टाकायला हा खेकडा वाळूत पुरून घेतो आणि महिना-दोन महिने खालीच असतो. अंग मऊ, पळता येत नाही, अन् खालून पॅड पेटलेला. वाळू बुडातून वाळते, वरून ओलीच दिसते. मी वैनगंगेची वाळू चाळून, धुऊन वापरते. पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुठीत आवळली की गोळा टिकला पाहिजे पण पाणी गळायला नको. थर निदान सहा इंच.

बोदवडभाऊ

आमच्याइकडे पावसाळ्यात नाल्यात खेकडा भेटला त रस्सा होते. तुम्ही लोकं त्याले थर्मोकोल लावून राह्यले. चालू द्या.

मास्तरीणबाई (चिमूर)

भाऊंचा विनोद बाजूला ठेवू, पण मला वादाचा रोखच चुकलेला वाटतो. बल्ब कुठे लावायचा यावर एवढं लिहिता, हा प्राणी इथे यावाच कशाला यावर कुणी बोलत नाही. बाजारात येणारे जवळजवळ सगळे शंखवाले खेकडे किनाऱ्यावरून पकडलेले असतात. त्यांची मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लं कित्येक आठवडे समुद्राच्या पाण्यात तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून जमिनीवर येतात. घरच्या टँकमध्ये हे जवळपास कुणालाच जमत नाही. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगू शकणारा प्राणी, आणि आपल्याकडे तो पुढची दिवाळी बघत नाही. वर शंखाला रंग मारून विकतात, तो रंग सुटून त्याच्या पोटात जातो.

आणखी एक. शाळेची सहल कोकणात गेली की पोरं बाटलीत भरून शंखातले खेकडे आणतात. भरतीच्या पाण्यातले ते खेकडे बहुतेक वेळा समुद्राच्याच जातीचे असतात, जमिनीवर राहणारे नव्हेत. त्यांना समुद्राचंच पाणी लागतं. आठशे किलोमीटर बाटलीत आणून वर एलईडी लावली तरी काय होणार? माझं मत सरळ आहे: आणूच नका.

कपाशीकर

बाई, नवीन आणू नका हे मला मान्य आहे, त्यावर वाद नाही. पण जे आलेत त्यांचं काय? वर्धेत किंवा पैनगंगेत सोडून द्या असं सांगणारे निघतील. गोड्या पाण्याच्या नदीत तो जगणार नाही. त्याला टँकमध्येसुद्धा दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. खारं पाणी मत्स्यालयाच्या समुद्री मिठाचं, घरातलं आयोडीनवालं मीठ नाही. नळाचं पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय नाही. वाटीत दगड ठेवायचा, नाहीतर बाहेर येता आलं नाही की बुडतो.

धानवाली ताईंचा काचेचा मुद्दा मात्र वजनदार आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे पॅड लागत असेल. यवतमाळकडे, स्लॅबच्या घरात, मी अजूनही म्हणतो की आधी थर्मोकोल लावून बघा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

सोलरवाला (हिंगणघाट)

उजेडाबद्दल तुम्ही फार घाईत निकाल दिलात. खिडकीची काच उन्हातली यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणं, बहुतेक अडवते. किनाऱ्यावर हा खेकडा सावलीत बसला तरी त्याला काही ना काही मिळतंच. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी कमी ताकदीची यूव्हीबी ट्यूब लावायला हवी असं माझं मत. नुसती एलईडी म्हणजे फक्त आपल्याला बघायची सोय.

धानवाली

ट्यूब लावाल, पण तुम्हीच म्हणता तसं तिची किरणं काचेतून उतरत नाहीत. म्हणजे झाकण जाळीचं करावं लागेल. आणि जाळीचं झाकण म्हणजे एप्रिलमध्ये सगळी ओल छताला. आपल्या हवेत त्या किरणांसाठी आर्द्रता घालवणं मला परवडत नाही. लावायचीच तर ट्यूब झाकणाच्या आतून बसवा, वायरचा भाग ओलीपासून बंद करा आणि टँकचा अर्धा भाग पानं-नारळाच्या करवंट्यांनी सावलीत ठेवा.

सोलरवाला

आतून बसवायची, हे मान्य. पण लावायची.

पोल्ट्रीवाले काका

हिवाळ्याचं तुम्ही बोलून राह्यले, उन्हाळ्यात करता काय थे कोणीच नाही सांगितलं. लोडशेडिंग झाली की तुमचे समदे हिशेब बंद. शेडमध्ये आम्ही पोत्याचे पडदे लावतो आन दुपारभर पाणी मारतो. टँकले बी तसंच करा. तीन बाजूनं ओलं पोतं, वाऱ्याच्या तोंडाशी. लाइट लागत नाही, काही नाही. फक्त पॅडचं पिन काढून ठेवा, ओल्या पोत्यापाशी वायर नको. आन टिनाच्या खोलीत ठेवूच नका. जुन्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, जिथं माठ ठेवता, तिथं ठेवा.

आन थंडीचं माझं म्हणणं कायम हाय. नुसत्या थर्मोकोलनं ऊब तयार होत नाही. हाय तेवढी टिकते.

कपाशीकर

काकाजी, पोत्याचं एकदम पटलं. कोरड्या हवेत पाणी जितकं भराभर उडतं तितकी काच गार होते, आपला उन्हाळा याच कामाचा. तेच कूलरचं. खसवाला कूलर चालू असलेल्या खोलीत तापमानही उतरतं आणि हवेत ओलही येते, दोन्ही खेकड्याच्या फायद्याचं. हीटरच्या पैशात कूलरच्या टाकीला फ्लोट वाल्व्ह बसवा, पाणी संपलं म्हणून दुपारी कूलर कोरडा फिरणार नाही.

एक गोष्ट सगळ्यांनी करा, मताला मत भिडवण्याआधी. स्वस्तातले आर्द्रतामापक सर्रास खोटं दाखवतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, मापकासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ वर हवा. ६८ दाखवत असेल तर तुमच्या मापकात ७ मिळवून वाचा.

पोल्ट्रीवाले काका

हे भारी हाय, उबवणी पेटीतल्या मापकाले बी करून पाहतो. आन पॅड लावणाऱ्यांनी थर्मोस्टॅटशिवाय, म्हंजे तापमान पाहून आपोआप चालू-बंद करते त्या यंत्राशिवाय, लावू नका. अंडी उबवणीच्या पेटीत आम्ही जे सुटं बोर्ड लावतो, डब्ल्यू १२०९, थे चालते. स्वस्त भेटते. सेन्सर कुठं लावू, पॅडले चिकटवून का?

धानवाली

पॅडला नाही काका. पॅडला चिकटवला तर बोर्ड पॅडचं तापमान मोजतो आणि टँक थंड असतानाच बंद करतो. आत, वाळूपासून दोन बोटं वर, पॅडच्या समोरच्या टोकाला टांगा, जिथे खेकडा चालतो. आणि २६ वर लावा, २९ वर नको, आपल्या बोर्डाचा एखाद अंश इकडे-तिकडे असतोच.