उंदरांचं फुप्फुस सुधारलं, मग बाबांचं?

प्रश्न: बाबांना आयपीएफ आहे, म्हणजे फुप्फुसात व्रण वाढत जाण्याचा आजार. जिन्यात मध्येच कठडा धरून थांबतात. स्टेम सेलमुळे उंदरांच्या फुप्फुसातले व्रण कमी झाले, असं वाचलं. आशा धरू का?

उत्तर: मी प्रयोगशाळेत हेच काम करते. उंदराच्या श्वासनलिकेत ब्लिओमायसिन या फुप्फुसाला इजा करू शकणाऱ्या कर्करोगाच्या औषधाचा थेंब सोडून आम्ही व्रण मुद्दाम तयार करतो. 2003 च्या एका अमेरिकन प्रयोगात स्टेम सेल ब्लिओमायसिननंतर लगेच दिल्या तेव्हा गुण आला, आठवड्याने दिल्यावर फारसा नाही. शिवाय तरुण उंदरांचे व्रण पुष्कळदा आपोआप ओसरतात. बाबांचा आजार तसा ओसरत नाही.

प्रश्नकर्ता: एक दवाखाना स्टेम सेल उपचारासाठी लाखो रुपये मागतोय.

उत्तर: देऊ नका, कळकळीने सांगते. निन्टेडानिब, पिरफेनिडोन या आजाराचा वेग कमी करणाऱ्या औषधांबद्दल छातीच्या डॉक्टरांशी बोला.

दुसरं उत्तर: वेस्ट हायलँड टेरियर कुत्र्यांनाही असा आजार निसर्गतः होतो. त्यांच्यावरचे अभ्यास जरूर वाचा.