प्रतिसाद: मुरलीकांत पेटकर, मुष्टियोद्धा ते जलतरणपटू

मूळ लेखात जलतरणपटू पेटकरांना १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे विजेते म्हटलंय, तेवढी दुरुस्ती हवी. पदक पॅरालिंपिकचं, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेचं, आणि ती स्पर्धा जर्मनीतल्याच हायडेलबर्गला झाली, कारण म्युनिकचं क्रीडाग्राम तेव्हा निवासी घरांसाठी द्यायचं होतं.

मधले टप्पेही सांगायला हवेत. जन्म १९४४, सांगली जिल्ह्यातल्या पेठचा. लहानपणी कुस्तीचा नाद. पुढे सैन्यात ईएमईमध्ये (यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती करणारं दल) जवान, तिथे बॉक्सिंग. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं आलं ते उपचारांचा भाग म्हणून. १९७२ च्या आधी, १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले होते, हे बहुतेक लेखांत गळतं.

मुष्टियोद्धा पोहण्यात कसा चमकला, हा प्रश्न रास्त आहे. पाय चालत नसले की ते खाली बुडतात आणि पाण्याचा अडथळा वाढतो. डोकं वर काढलं की कंबर आणखी खाली जाते. म्हणून मान सरळ, छाती पाण्यात दाबलेली, आणि सगळा जोर खांदे, पाठ व दंडांचा. हे स्नायू कुस्ती-बॉक्सिंगने आधीच कमावलेले असणार, असं मला ठामपणे वाटतं. ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत मारली. विश्वविक्रम! भारताचं पॅरालिंपिकमधलं हे पहिलं सुवर्ण.

नोकरी पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) केली. पद्मश्री मात्र थेट २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. हा उशीर अक्षम्य आहे.