रोटरी इंजिनाच्या विमानासाठी कूलंट पंप आणि रेडिएटर: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरीच बांधत असलेल्या दोन आसनी विमानात माझदाचं १३बी रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं इंजिन) बसवतोय. इंजिन आणि गिअरबॉक्स माउंटवर चढलेत, आता घोडं कूलिंगपाशी अडलंय.

चढाईत १५० हॉर्सपॉवर, म्हणजे शाफ्टवर साधारण ११२ किलोवॉट. पाण्यात जाणारी उष्णता मी ६० किलोवॉट धरली आहे. तेलाची वेगळी, आणि रोटर आतून तेलानेच थंड होत असल्यामुळे तीही थोडीथोडकी नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण मिनिटाला १०० लिटर फिरवलं तर इंजिनात शिरताना आणि बाहेर पडताना साधारण १० अंशांचा फरक पडतो. इथवर ठीक.

छळतंय ते हवेचं गणित. हवा ४० अंशांनी तापेल असं धरलं तरी सेकंदाला दीड किलो हवा रेडिएटरच्या कोअरमधून (जाळीदार गाभ्यातून) जायला हवी. ८० नॉटला चढताना गतिदाब (वेगामुळे समोरून येणाऱ्या हवेचा दाब) जेमतेम १००० पास्कल, १४० नॉटला त्याच्या तिप्पट. म्हणजे क्रूझला (सरळ उड्डाणात) तापमानाचा काटा शहाण्यासारखा राहील आणि चढाईत लाल पट्टीत जाईल.

पंपाचं सांगतो. गिअरबॉक्स फ्लायव्हीलच्या बाजूला असल्याने इंजिन उलटं बसलंय, मूळ पंपाचं तोंड फायरवॉलकडे (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीकडे). पुलीला जागा कमी. शिवाय टेकऑफला इंजिन ७००० आरपीएमच्या आसपास फिरणार, तिथे या पंपात कॅव्हिटेशनची (पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याची) भीती. मोठी पुली लावून पंप हळू फिरवता येईल, पण तीच तर मावत नाही! म्हणून माझा कल १२ व्होल्टच्या इलेक्ट्रिक पंपाकडे आहे. अल्टरनेटर गेला तर काय, असं सगळे विचारतात. पण इग्निशन, इंजेक्शन, इंधनाचा पंप सगळं विजेवरच चालतंय. बॅटरी संपली की इंजिन तसंही बंद. यात माझं काही चुकतंय का?

रेडिएटर म्हणून गाडीच्या एसीचे दोन जाड इव्हॅपोरेटर कोअर, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक, मोठी तोंडं वेल्ड करून लावावेत की खाली एकच मोठा रेडिएटर? आणि दोन लावले तर सिरीजमध्ये की पॅरललमध्ये? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

दोन कोअर, पॅरलल. सिरीजमध्ये सगळं पाणी दोन्हींतून ढकलावं लागतं. पॅरललमध्ये प्रत्येकातून निम्मंच जातं. दाबातली घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे कोअरपुरतं बोलायचं तर सिरीजला ती जवळपास आठपट पडते. इलेक्ट्रिक पंपाला हे झेपणार नाही. पंपावर छापलेला लिटरचा आकडा मोकळ्या नळीचा असतो, त्यावर विसंबू नका.

पॅरललची खोड एकच: एका कोअरमध्ये हवा अडकली तर तिथला प्रवाह थांबतो आणि पॅनेलवर कळत नाही. दोन्हींना वरच्या टोकाला ब्लीड (हवा काढायची तोटी) द्या आणि प्रत्येकाच्या आउटलेटला स्वतंत्र सेन्सर लावा. पंप सर्वांत खाली, थंड बाजूला. हेडर टँक (कूलंटची वरची टाकी) सर्वांत उंच.

थर्मोस्टॅट काढणार असाल तर बायपासचं भोक बुजवा, नाहीतर गरम पाणी रेडिएटर टाळून परत पंपाकडे येतं. कूलंटच्या दाबाचा गेज हवाच. पाणी गळून गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो! दाब मात्र आधी सांगतो.

विजेबद्दलचा तुमचा मुद्दा पटला, पण हा पंप त्याच बॅटरीतून आणखी करंट ओढणार. सगळा लोड चालू ठेवून बॅटरी किती मिनिटं टिकते ते जमिनीवर मोजा.

चढाईसाठी हवेच्या इनलेटपेक्षा आउटलेट मोठं लागतं, त्यामुळे काउल फ्लॅप (इंजिनाच्या आवरणाची उघडमिट करता येणारी झडप) ठेवा. ऑइल कूलर कुठे बसवताय? तोही याच डक्टमधून हवा घेणार असेल तर तुमचं दीड किलोचं गणित पुन्हा मांडावं लागेल.