दापोली-हर्णैची स्कॉटिश बाजू मुलांना कशी दाखवू?

मे महिन्यात पुण्याहून भाचरं येतायत, त्यांना फक्त सुवर्णदुर्ग नि संध्याकाळचा मासळी लिलाव दाखवून पाठवायचं नाहीये, इकडे स्कॉटिश मिशनरी होते म्हणतात ते खरं का?

हर्णैकर: खरंय! १८२३ ला स्कॉटिश मिशनचं काम आधी बाणकोटला सुरू झालं, मग हर्णैला. आणि मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते जॉन विल्सन, मूळचे स्कॉटलंडमधल्या लॉडरचे, १८२९ ला बायकोसोबत इथेच येऊन मराठी शिकले. म्हणजे ते मराठी शिकले ती आपल्या किनाऱ्यावर, मला याचं फार अप्रूप वाटतं.

कॅम्पातला: दापोलीला म्हातारी माणसं अजून कॅम्पच म्हणतात, ती लष्करी छावणीची आठवण. मुलांना गोऱ्या लोकांच्या जुन्या कबरी दाखवा, पण सकाळी लवकर न्या, तिरप्या उन्हात शेवाळाखालची झिजलेली अक्षरं उठून दिसतात. खडूने घासू नका प्लीज, तारेचा ब्रश तर नकोच, दगडाचा पापुद्रा निघतो नि अक्षर कायमचं जातं. फोटो काढा.

मूळ प्रश्नकर्ता: थँक्यू दोघांना! बाणकोटपासूनच सुरुवात करतो मग.