वडगावच्या घरासाठी जुना लॅपटॉप: कुठला बघू, केवढ्याला, आणि कुठून?

प्रेषक: वडगावचा, सध्या न्यू जर्सी
प्रति: मंडळ लिस्ट

नमस्कार मंडळी,

लिस्टवर बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. आई-बाबा वडगावला दोघंच असतात. घरात एक जुना डेस्कटॉप होता तो यंदाच्या पावसात जो बंद पडला तो पडलाच, दुरुस्तीवाला म्हणाला बोर्ड गेलाय, आता यात पैसे घालू नका. मोबाईलवर सगळं होतं असं सगळे म्हणतात पण बाबांना ते जमत नाही हो, ई-पेपरचं पान बोटांनी मोठं करायचं, मग ते सरकतं, मग बातमीचा पुढचा कॉलम सापडत नाही, शेवटी चष्मा काढून मोबाईल बाजूला ठेवतात. व्हिडिओ कॉलवर मी हे बघितलंय आणि त्या दिवसापासून मनात आहे की घरात मोठा स्क्रीन हवाच.

वापर म्हणाल तर सकाळी पेपर, येळ्ळूरच्या शिवारातल्या जमिनीचा उतारा भूमीच्या (कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या) साईटवर बघणं, रेल्वेचं तिकीट, आईला कीर्तनं, आणि रविवारी आमच्याशी बोलणं. बजेट वीस-बावीस हजार. नवीन घेऊ म्हटलं तर मागे मावशीला त्याच किमतीतला नवा घेऊन दिला होता, सेलेरॉन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. सहा महिन्यांत विंडोजच्या अपडेटलाच जागा उरली नाही, आता ती तो उघडतही नाही. म्हणून यावेळी जुना चांगला घ्यावा असं वाटतंय. की इथून माझाच पडून असलेला घेऊन जाऊ? डिसेंबरात येणारच आहे, पण तोवर त्यांनी थांबायचं का हाही प्रश्न.

---

प्रेषक: खानापूरची, टोरांटोहून

दादा, मी हे २०२३ ला केलंय म्हणून सांगते. येताना अठरा वर्षांवरच्या माणसाला सोबत एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो, त्यात अडचण नाही. बॅटरी असलेली वस्तू म्हणून हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये टाकू नको. चार्जर १०० ते २४० व्होल्टचाच असतो, फक्त आपल्याकडच्या पिनची वायर घ्यायची, ती कुठंही मिळते. कुरिअरनं मात्र अजिबात पाठवू नको, वापरलेला लॅपटॉप बाहेरून भारतात पाठवायचा म्हणजे परवानगीची भानगड आहे.

पण खरं सांगू का, मी नेला तो चुकलाच माझा निर्णय. पातळ, हलका, दिसायला सुंदर, आणि आठ महिन्यांनी कीबोर्डवर चहा सांडला. त्याचा कीबोर्ड बेळगावात मिळेना, कोल्हापुरात मिळेना, शेवटी भाऊ पुण्याला घेऊन गेला आणि तिथंही ऑर्डर देऊन पंधरा दिवस. रॅमसुद्धा बोर्डावरच चिकटवलेली. तिथं ज्याचा पार्ट मिळतो तेच तिथं घ्यावं असं माझं स्पष्ट मत झालंय.

---

प्रेषक: टिळकवाडीहून (मस्कतहून परत आलो तरी लिस्ट सोडली नाही)

अरे बाळ, डिसेंबरपर्यंत कशाला थांबायला लावतोस त्यांना. इथंच घे, मी येतो बाबांबरोबर.

आता नीट वाच. दुकानात गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, साहेब आय-फाय आहे, सोळा जीबी आहे, एकदम कंपनीचा माल. हे आय-फाय, म्हणजे इंटेलचा आय५ प्रोसेसर, ऐकूनच माणसं फसतात. आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी गेल्या वर्षी असाच सोळा हजारांना आणला, मी बघितलं तर प्रोसेसर आय५-३३२०एम. म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालचा माल. वर विंडोज ११ टाकून दिलेलं. मास्तर खूश की अकरा आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, खालच्या मशीनवर ते आडमार्गानं बसवतात आणि मग पुढची मोठी अपडेट आपोआप येत नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर पेन्शनचं खातं उघडायचंय तिथं हे चालणार नाही, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

तर आकडा कसा वाचायचा. आय५ च्या पुढं आडवी रेघ असते, तिच्या पुढचा पहिला आकडा बघ. ८२५०यू, ८३५०यू असेल तर आठवी पिढी. ७३००यू असेल तर सातवी, नको. दहापासून पुढं पहिले दोन आकडे धरायचे. मॉडेलच्या नावावर जाऊ नको, कारण लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ हे तिन्ही चांगले, मी हेच बघ म्हणेन, पण याच मॉडेलात सातव्या पिढीचेही निघाले होते. बाहेरून डिट्टो सारखे. चालू करून सेटिंगमध्ये सिस्टीमच्या अबाउटला जाऊन आकडा डोळ्यांनी वाचायचा, स्टिकरवर विश्वास नाही, स्टिकर कसलाही चिकटवता येतो.

हे तिन्ही का म्हणतो, तर ऑफिसात वापरायला बनवलेले आहेत, उघडतात स्क्रूनं, रॅम बदलता येते, कीबोर्ड आणि बॅटरी बाजारात मिळते. तुझ्या खानापूरच्या ताईनं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. रॅम ८ जीबी आधीच असलेला घे, नंतर वाढवू म्हणून ४ वाला घेऊ नको, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे काही चढलेत की तिथंच बचत जाईल. २५६ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) पुरे. हार्ड डिस्कवाला फुकट दिला तरी नको. स्क्रीन फुल एचडी आहे का विचार, यांच्यातच १३६६ बाय ७६८ चेही असतात आणि ते बाजूनं बघितलं की रंग उडाल्यासारखे दिसतात, आई-बाबा दोघं शेजारी बसून बघणार, एकाला नीट दिसायचं नाही.

बॅटरी. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण आपल्याकडचा पाऊस. आषाढात लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, डेस्कटॉप तसाच गेला असणार तुमचा. दुकानदार म्हणतो दोन तास बॅकअप, त्याला काही अर्थ नाही. काळी खिडकी उघडायची, कमांड प्रॉम्प्ट म्हणतात ती, त्यात पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) लिहून एंटर मारायचं. एक फाईल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ४२,००० असेल तर उत्तम. दुसरा २५,००० वर आला असेल तर निम्मी बॅटरी गेली, किंमत कमी कर नाहीतर नवीन घालून दे म्हणायचं. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागं काढता येणारी, रिपोर्टात दोन्ही वेगळ्या दिसतात, दोन्ही बघायच्या.

आणि एक, चालू करताना एफ१ (डेलला एफ२, एचपीला एफ१०) दाबून बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) उघडून बघ. पासवर्ड मागितला तर तिथंच परत. विंडोज रीसेट करून वायफाय जोडल्यावर कुठल्या कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागितलं तर तो कंपनीच्या ताब्यातलाच आहे अजून, कितीही स्वस्त असू दे. बिल जीएसटीचं घ्यायचं आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्यायचा. बिल देत नाही म्हणाला तर माल कुठून आला हे तूच समज.

एक तास बसायचं दुकानात. चहा देतात, प्यायचा, पण उठायचं नाही.

काका

---

प्रेषक: निपाणीची, डब्लिनहून

काकांनी मशीनचं सगळं लिहिलं, मी घरात आल्यावरचं लिहिते, कारण माझ्या सासऱ्यांकडे मशीन चांगलं होतं तरी दोन महिने कपाटातच होतं.

भाऊजी, पहिल्या दिवशीच अक्षरं मोठी करा, स्केलिंग १५० टक्के. बाबांचं अकाउंट साधं ठेवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे, म्हणजे कसलं तरी क्लिक झालं तरी काही इन्स्टॉल होत नाही. मराठी टायपिंगला विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड असतो, भाषेत मराठी टाकून तो निवडायचा, बाहेरून काही डाउनलोड करायला लागत नाही. सासऱ्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायचं पटेना, त्यांना आम्ही इनस्क्रिप्ट (देवनागरीची स्वतःची कळांची मांडणी) लावून दिला आणि कीबोर्डवर देवनागरीचे स्टिकर चिकटवले. प चा स्टिकर पी वर चिकटला की सगळं गेलं, इनस्क्रिप्टमध्ये प एच च्या कळीवर असतो, तेव्हा समोर चित्र ठेवूनच चिकटवा.

भूमीची साईट कन्नड किंवा इंग्रजीत असते, तर क्रोममध्ये पानावर राइट क्लिक करून मराठीत भाषांतर करता येतं. नावं आणि गावं विचित्र होतात त्यात, म्हणून सर्व्हे नंबर आणि क्षेत्र मूळ कन्नड पानावरच ताडून बघा. तुमच्या बाबांना कन्नड वाचता येत असेलच थोडंफार.

आणि कृपा करून हे त्यांना सांगाच, फोन करून कुणी म्हटलं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, हे अ‍ॅप घ्या, नंबर सांगा, तर फोन ठेवायचा. दूरवरून स्क्रीन बघायची ती फक्त तुम्ही, तीही रविवारी ठरलेल्या वेळी. आमच्या ओळखीत एका काकूंचे पैसे असेच गेले, त्या आजही त्याबद्दल बोलत नाहीत.

विंडोज नकोच असेल तर लिनक्स मिंटही चांगलं चालतं, पण घरात कुणी जाणकार नाही तर मी आग्रह धरणार नाही.

---

प्रेषक: वडगावचा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी काका बाबांना स्कूटरवर घेऊन गेले. पहिल्या दुकानात ८४० जी५ होता, आकडा वाचला तर ७३००यू, काका उठले. दुसरीकडे टी४८०, आय५-८३५०यू, ८ जीबी, २५६ ची एसएसडी, फुल एचडी. मागची बॅटरी ठीक होती, आतली निम्म्यावर. त्यांनी आतली बदलून दिली, एकवीस हजार पाचशे, सहा महिन्यांची वॉरंटी, बिलावर सिरीयल नंबर. काकांनी नोटपॅड उघडून बाबांना एकेक कळ दाबायला लावली, बाबांनी सगळ्या दाबल्या, एंटरसुद्धा दोनदा. एन ची कळ अडकत होती ती दुकानदारानं तिथंच उघडून साफ करून दिली.

राऊटरलाही छोटा यूपीएस घ्यायला लावला काकांनी, नाहीतर लाईट गेली की लॅपटॉप चालू आणि नेट बंद.

काल रात्री बाबांचं मेल आलं. मला एकट्याला होतं पण त्यांना विचारून इथं देतोय, काका आणि वहिनींनी वाचावं म्हणून. जसंच्या तसं.

"चि. बाळास अनेक आशीर्वाद. हे पत्र मी स्वतः टाईप करूलोय. सव्वा तास लागला. जोडाक्षर जमायला लागलंय पण ज्ञ अजून सापडत नाही. आज येळ्ळूरचा उतारा काढला, क्षेत्र बरोबर आहे, पिकाच्या रकान्यात भात आहे. तुझी आई म्हणते अक्षर तुझ्या हातापेक्षा चांगलं दिसतंय. टिळकवाडीचे येऊन गेले, जेवूनच जा म्हटलं, थांबले की. पाऊस फार आहे, पाऊण तासापूर्वी लाईट गेली, तरी हे चालू आहे. खाली कोपऱ्यात ७१ दाखवतंय."