हरिपाठ तोंडपाठ झाला, आता अर्थ कसा पोचवायचा?

कोरेगावची ताई
राम कृष्ण हरी. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी मी मुलांचा वर्ग घेते, 22 मुलं आहेत, दुसरीपासून नववीपर्यंत. वर्षभरात हरिपाठ तोंडपाठ झाला, पावल्या पण छान टाकतात, सप्ताहात सगळ्यांनी कौतुक केलं. पण परवा सहज विचारलं, पहिल्या अभंगात 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी साधियेल्या' म्हणतो ना, तर चारी म्हणजे काय गं? चौथीतली एक पोर लगेच म्हणाली, ताई, रानातली चारी, पाटाचं पाणी जातं ती. बाकीच्यांनीपण माना डोलावल्या. मला वाईटच वाटलं, तिचं काय चुकलं, रोज म्हणून घेतलं मी आणि सांगितलं कधीच नाही. मग घाईघाईनं चार मुक्ती, सलोकता (देवाच्या गावी राहणं), समीपता (त्याच्या जवळ असणं), सरूपता (त्याच्यासारखं रूप होणं), सायुज्यता (त्याच्यात मिसळून जाणं) सांगून टाकलं, तर सगळ्यांचे चेहरे कोरे. आता पाठांतर थांबवून आधी अर्थ घ्यावा का? मोठी झाली की कळेल असं जुनी माणसं म्हणतात, ते मला पटत नाही.

वाईकर
ताई, पाठांतर थांबवू नका. मी लहानपणी वाईत वेद शिकलो. संथा म्हणजे गुरुजी एकदा म्हणणार आणि आम्ही दोनदा, स्वर चुकला की परत पहिल्यापासून. लोक त्याला घोकंपट्टी म्हणतात पण नीट बघितलं तर त्यात फार मोठी युक्ती आहे. क्रमपाठात पहिलं पद दुसऱ्याला जोडायचं, मग दुसरं तिसऱ्याला, जटापाठात तेच उलट-सुलट, म्हणजे नुसत्या वाहत्या चालीवर म्हणताच येत नाही, प्रत्येक शब्दाशी थांबावंच लागतं. तुम्ही एवढंच करून बघा, मधूनच एक चरण द्यायचा आणि पुढचा दुसऱ्या पोरानं म्हणायचा. बरीच मुलं अडखळतील, कारण त्यांना सुरुवातीपासूनच येतं. अडखळली की शब्द दिसायला लागतो, आणि अर्थ तिथंच विचारायचा.

तासगावचे गुरुजी
वाईकरांचं पटलं पण निम्मंच. अर्थ सांगायची घाईच नको ताई, चार मुक्तींची नावं हे दुसरं पाठांतर झालं. गीतेचे श्लोक 700 आणि माऊलींच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास, मधलं सगळं काय आहे, तर दृष्टांतावर दृष्टांत, दिवा, पाणी, आई, वासरू. म्हणजे ऐकणाऱ्याच्या घरातलंच काहीतरी उचलून समोर ठेवलंय. मी रविवारी ज्ञानेश्वरीचा वर्ग घेतो, तिथं हाच अभंग घेताना एकेका पोराला देवळाच्या उंबऱ्यावर उभं केलं, डोळे मिटून, दहा श्वास. मग विचारलं काय झालं? सहावीतला एक म्हणाला, गुरुजी आमची म्हस हंबरली, रोज हंबरत असंल पण आजच ऐकू आली. मी 'क्षणभरी'चा अर्थ सांगितलाच नाही, गरजच पडली नाही. आणि त्या पोरीला चुकलीस म्हणू नका बरं का, तिनं कानावर पडलेल्या शब्दाला आपल्या रानातला अर्थ लावला, असं पोरगं वर्गात असणं भाग्याचं.

माऊलीचा सेवेकरी
मी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत होतो, जोग महाराजांनी 1917 ला काढलेली. चार वर्षांत खरं कळलं ते दुसऱ्याला सांगायला लागलो तेव्हा. मोठ्या मुलांना पाच मिनिटं निरूपण करायला लावा, फक्त एका चरणावर, चुकू द्या, मधे बोलू नका.

कोरेगावची ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. आज गुरुजींसारखं केलं, पण चार मुक्तींसाठी वारी घेतली. आमची मुलं दरवर्षी चांदोबाच्या लिंबाला माऊलींच्या पालखीचं रिंगण बघायला जातात. म्हणलं पंढरपुरात मुक्कामाला पोचलो ती पहिली, देवळात अगदी जवळ गेलो ती दुसरी. तिसरीला मी अडले, देवासारखं रूप कसं सांगू? तर तीच चौथीतली पोर म्हणाली, ताई, तिथं सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात ना, तसं का? मला पुढं बोलताच येईना, डोळे भरून आले. चौथी आज सांगितलीच नाही, त्यांनाच विचारून ठेवलीय. आणि उद्यापासून नववीतली दोघं धाकट्यांना दुसरा अभंग 'चहूं वेदीं' सांगणार आहेत, मी मागं सतरंजीवर बसून नुसती ऐकणार.