विमानाच्या तारा जोडणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?

गेल्या उन्हाळ्यात सुट्टी काढून गावी गेलो होतो, चोपडा तालुक्यात. ओट्यावर मामा माझा लग्नाचा बायोडाटा लिहीत बसले होते. उंची, शिक्षण, शेती, मामेकुळ सगळं झरझर उतरलं आणि 'नोकरी' या शब्दापुढे त्यांनी मला न विचारताच 'विमान अभियंता' लिहून टाकलं. मी म्हटलं, मामा, एवढं खोडून टाका. मी अभियंता नाही, टेक्निशियन आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग काय लिखू? वायरमन?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि ती बोच अजून गेलेली नाही. म्हणून हा शब्द चर्चेला ठेवतोय. विमानातली विजेची आणि इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणाऱ्या कामगाराला मराठीत काय म्हणायचं?

आधी काम सांगतो, म्हणजे शब्द त्यावर बेतता येईल. हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या शेडमध्ये, कामाचे दोन ढोबळ भाग असतात. इंजिन, चाकं, पंखांच्या झडपा, हायड्रॉलिक हा एक. रेडिओ, रडार, ट्रान्सपाँडर, ऑटोपायलट, कॉकपिटमधले पडदे, दिवे आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा हा दुसरा. या दुसऱ्या भागाला एव्हिऑनिक्स म्हणतात. एव्हिएशन आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचं ते कलम. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यासाठी परवाना देतं. यांत्रिक बाजूचा बी-१, आमच्या बाजूचा बी-२. ज्याच्याकडे परवाना तो 'विमान देखभाल अभियंता', आणि काम झाल्यावर विमान उडायला योग्य आहे अशी सही करायचा अधिकार त्याचा. मी त्याच्या हाताखाली पॅनेल उघडतो, मोजतो, जोडतो, बांधतो. तेव्हा बायोडाट्यात अभियंता लिहिणं म्हणजे दुसऱ्याची सही आपल्या नावावर खपवणं. मला ते मान्य नाही.

आता शब्द. आयटीआयमध्ये शिकताना वर्गांच्या दारावर पाट्या होत्या: जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, इलेक्ट्रिशियन यांची ही सरकारी मराठी नावं. पोरं फिटर-टर्नरच म्हणायची, पण मला त्या पाट्या फार आवडायच्या. जोडारी म्हटलं की जोडणारे हात दिसतात. आणि 'तंत्री' या शब्दाचा संस्कृतातला अर्थच मुळी तार, वीणेची तार. म्हणजे तारतंत्री या शब्दात तार दोनदा आली. त्याच धर्तीवर मी मनाशी 'विमानतंत्री' जुळवला होता.

नवापूरच्या एका स्नेह्यांनी तो लगेच अडवला. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि गुजरातीत तंत्री म्हणजे वर्तमानपत्राचा संपादक. "आमच्याकडे विमानतंत्री ऐकून लोक विचारतील, हे कुठलं दैनिक?" हरकत खरी आहे. तरी मला वाटतं, मराठीत वीजतंत्री रुळू शकला तर सीमेवरच्या गोंधळापायी हा शब्द सोडू नये.

शहाद्याच्या एका शिक्षकांची सूचना आली, 'उड्डाण-इलेक्ट्रॉनिकी तंत्रज्ञ'. अर्थानं चोख. पण सर, हा शब्द एका दमात बोलता येत नाही, आणि जो बोलता येत नाही तो फक्त प्रमाणपत्रावर राहतो. शिवाय 'तंत्रज्ञ'बद्दल माझी वेगळीच अडचण आहे. 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. संशोधन करणाऱ्यालाही वर्तमानपत्रं तंत्रज्ञ म्हणतात आणि पंखा दुरुस्त करणाऱ्यालाही. त्या शब्दात डोकं दिसतं, हात दिसत नाहीत. 'वैमानिकी तंत्रज्ञ' तर नकोच, कारण ऐकणारा 'वैमानिक' एवढंच ऐकतो आणि मुलीकडचे पायलट समजून घरी येतात.

धुळ्याचे एक गॅरेजवाले काका म्हणाले, सरळ 'विमानमिस्त्री' म्हण की. मिस्त्री हा मुळात पोर्तुगीजांच्या 'मेस्त्र'वरून आलेला, म्हणजे उस्ताद. खान्देशात मिस्त्री म्हणताना आवाजात मान असतो. हा शब्द मला मनापासून भावला. अडचण इतकीच की मिस्त्री म्हटलं की माणूस अंदाजानं, अनुभवानं काम उरकतो असं चित्र उभं राहतं, आणि आमच्याकडे अंदाजाला जागा नाही. स्क्रू किती ताणानं आवळायचा हेसुद्धा पुस्तकात पाहून, मोजून.

या सगळ्यात आजीचा शब्द राहिला. आजी विमानाला 'इमान' म्हणते. विहिरीची इहीर, विस्तवाचा इस्तव, तसं विमानाचं इमान. तिनं हा शब्द कीर्तनात उचललेला, तुकोबांना न्यायला वैकुंठाहून आलेलं ते इमान. पुढे मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा तिच्या लेखी ते इमान जळगावला उतरायला लागलं. गल्लीत कोणी विचारलं की ती सांगते, "मन्हा नातू इमानन्या तारा जोडस." इतकं नेमकं वर्णन माझ्या नेमणूकपत्रातही नाही. आणि दुसरं इमान, अरबीतून आलेलं, इमानदारीतलं, तेही याच उच्चाराचं. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, व्युत्पत्ती पूर्ण वेगळ्या. पण रात्री तीन वाजता, कोणी पाहत नसताना, पॅनेलच्या आत हात घालून शेवटची पिन खरंच बसली का हे पुन्हा ओढून बघताना मला आजीचा उच्चार आठवतो.

मूळ प्रश्नाला फाटा फुटतोय, पण फुटू दे, कारण गावाकडचे शब्द कामावर किती चपखल बसतात हे त्याशिवाय कळणार नाही.

'काचणे' घ्या. बैलाच्या मानेला दोर काचतो, नवी चप्पल काचते. विमानाच्या वायरिंगचा सगळ्यात मोठा शत्रू हाच आहे. पुस्तकात 'चेफिंग', परिभाषेत बहुधा 'घर्षण' म्हणतील. पण घर्षण म्हणजे नुसतं घासणं. काचण्यात घासणं आहे, सततपणा आहे, आणि शेवटी जखम आहे. एका विमानाचा रेडिओ उड्डाणानंतर मध्येच बंद पडायचा, जमिनीवर आलं की ठणठणीत. रेडिओचा अख्खा डबा बदलला, पुन्हा तेच. परत बदलला, पुन्हा तेच. शेवटी आम्ही तारांचा मागच घेत गेलो. मागच्या बाजूला, हात जेमतेम जाईल अशा ठिकाणी, तारांची जुडी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचं रबर झिजलं होतं. टॉर्च आणि आरसा धरून पाहिलं तर एका वायरचं कवच मोहरीच्या दाण्याएवढं उघडं पडलेलं, आत तांबूस चमक. विमान थरथरलं की ती जागा धातूला टेकायची, थांबलं की सुटायची. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काचली ना ही." शेजारी केरळचा मुलगा होता, त्याला समजावून सांगायला मला तीन वाक्यं लागली. मग नवी वायर ओढली, पट्टा बदलला, जुडी पुन्हा बांधली.

असा येतो-जातो बिघाड, त्यालाही शब्द हवा होता. 'सविराम' असा पारिभाषिक शब्द आहे. माझ्या वडिलांना हा किस्सा सांगितला तर ते म्हणाले, म्हणजे पाळीचा तापच झाला की. हिवतापात एक दिवसाआड, दोन दिवसांआड थंडी वाजून ताप यायचा, तो पाळीचा ताप. डॉक्टरकडे न्यावं त्या दिवशी नेमका ताप नसायचा! 'पाळीचा बिघाड' हा शब्द मी तेव्हापासून वापरतो. विजेच्या मोटारी सांभाळलेला शेतकरी या गोष्टी लवकर ओळखतो. घरच्या विजेची ५० 'सायकल', म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, वडिलांना ठाऊक होती (जुने वायरमन हर्ट्झ म्हणत नाहीत). मोठ्या विमानात ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झ असते, कारण वारंवारता वाढवली की ट्रान्सफॉर्मर आणि जनित्र लहान नि हलकं करता येतं, हे त्यांनी एका ऐकण्यात पकडलं.

'जुडी' शब्द मी वर सहज वापरला. इंग्रजीत बंडल किंवा हार्नेस. हार्नेसचं शब्दशः भाषांतर करून कोणी 'जुंपणी' सुचवेल, पण ते बैलाचं झालं. तारांची जुडीच असते, मेथीच्या जुडीसारखी. माझी माय बाजाराला नेण्याच्या जुड्या केळीच्या सोपटानं बांधायची, आम्ही मेण लावलेल्या चपट्या दोरीनं बांधतो. आधी दावं खुंट्याला बांधताना मारतात त्या जातीची गाठ, आणि तिच्यावर निरगाठ. सुरगाठ चालत नाही. निरगाठ म्हणजे न सुटणारी, सुरगाठ म्हणजे ओढली की सुटणारी, हा भेद मराठीत एकेका शब्दात आहे, आणि आमच्याकडे नव्या मुलाला शिकवायला पहिला आठवडा याच भेदावर जातो. फार आवळलं तर दोरी कवचात रुतते, सैल ठेवलं तर जुडी हलून काचते. मायचा हात पाहिलेला असल्यामुळे मला हे लवकर जमलं असं मला वाटतं.

उलट एका मराठी शब्दाशी माझं अजिबात जमत नाही. 'भूसंपर्कन', म्हणजे अर्थिंग. घरात ठीक आहे, तार खरोखर मातीत जाते. हवेतल्या विमानाला भू कुठली? तिथे धातूचं अंगच विजेच्या परतीची वाट होतं. ट्रॅक्टरवाले याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. (काही नव्या विमानांचं अंग कार्बन तंतूंचं असतं, त्यात परतीसाठी वेगळं धातूचं जाळं टाकावं लागतं.) याला 'अंगजोड' म्हणता येईल का? सुचवून पाहतो, हट्ट नाही.

कीटकांच्या नावाबद्दलही लिहितो, कारण भाषांतरात इथे नेहमी चूक होते. विमानाच्या नाकाशी पिटो नळी असते. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यात शिरतो आणि त्यावरून वेग कळतो. विमान उभं असताना तिच्यावर टोपण घालतात, त्याला लाल फीत लोंबत असते. १९९६ च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ एक बोईंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. त्या नळीत कीटकानं मातीचं घर केलं असावं असा चौकशीचा कल होता. हा कीटक मराठीत 'गांधीलमाशी' म्हणून लिहिला जातो. गांधीलमाशीचं पोळं कागदासारखं असतं, ती माती आणत नाही. माती आणून भोकात, नळीत, खिडकीच्या चौकटीत घर करते ती कुंभारीण. खान्देशातल्या कुठल्याही जुन्या घराच्या दाराच्या कोपऱ्यात तिचं घर सापडेल. आजीला हा अपघात सांगितला तेव्हा तिनं पुढचं ऐकायच्या आत विचारलं, "नळीले झाकण नव्हतं का?" अपघाताच्या चौकशीचा गाभा तिनं एका प्रश्नात काढला होता.

आता शेवटचा शब्द, आणि इथे मला खरंच मदत हवी आहे. हँगरमध्ये तक्रारीला 'स्नॅग' म्हणतात. वर्तमानपत्रं सरसकट 'तांत्रिक बिघाड' लिहितात, त्याला माझा आक्षेप नाही. स्नॅगचा जुना अर्थ झाडाचा खुंट, अडकवणारा. मराठीत त्याच्या जवळ 'मेख' येतो, "खरी मेख इथे आहे" मधला. पण खरी पंचाईत त्यानंतरच्या नोंदीची. पायलटनं तक्रार लिहिली, आम्ही डबा काढून टेबलावर तपासला, सगळं बरोबर निघालं. तेव्हा जी नोंद होते तिचं मराठी दोन तऱ्हांनी करता येतं: 'दोष नाही' आणि 'दोष आढळला नाही'. नवीन मुलं बोलताना पहिलं म्हणतात. त्या रेडिओच्या वेळी आम्हीही दोनदा तेच म्हणत होतो. पहिल्या वाक्यात आपण विमानाबद्दल खात्री देतो, दुसऱ्यात फक्त आपल्या शोधाबद्दल सांगतो. मी मुलांना दुसरंच म्हणायला लावतो. पण ते लांब आहे, घाईत कोणी म्हणत नाही. 'निर्दोष' चालणार नाही, 'अनाढळ' कानाला टोचतो. वडील म्हणाले, शेतात साप दिसला आणि मग काठीनं चाळून सापडला नाही, तर आपण "साप नाही" म्हणत नाही, "हाती लागला नाही" म्हणतो.

'हाती लागला नाही' यावरून एखादा आटोपशीर शब्द कोणाला सुचतो का? आणि मामांचा बायोडाटा अजून त्या एका ओळीसाठी अडला आहे. तूर्त मी तिथे 'विमानतंत्री' लिहून कंसात आजीचं वाक्य घातलंय.